हाताचा क्षारतामापी: वर्षभर खाजणात वापरून

खाडीच्या, खाजणाच्या (म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या दलदलीच्या) किंवा कांदळवनाच्या पाण्याचा खारेपणा ज्यांना मोजायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. यंत्र अगदी साधं आहे. दुकानदार त्याला रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात, आम्ही क्षारतामापी म्हणतो. बॅटरी नाही, पडदा नाही, बटण नाही. लहान दुर्बिणीसारखी दिसणारी वीतभर धातूची नळी, एका टोकाला डोळ्याला लावायचं भिंग, दुसऱ्या टोकाला तिरकं कापलेलं काचेचं लोलक आणि त्यावर पारदर्शक झाकण. लोलकावर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं आणि उजेडाकडे धरून आत बघायचं. वर निळं दिसतं, खाली पांढरं, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथला आकडा म्हणजे खारेपणा. आम्हाला तो दोन हजारांच्या आत पडला. सोबत प्लास्टिकची पेटी, ड्रॉपर, एक चिमुकला स्क्रू ड्रायव्हर आणि पुसायचं फडकं आलं.

मी मालवण तालुक्यात राहते, हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि गावच्या कांदळवन सहव्यवस्थापन समितीत आहे. राज्य सरकारने २०१७ मध्ये कांदळवन संरक्षण आणि उपजीविकेची योजना आणली, त्यात किनाऱ्यावरच्या गावागावांत अशा समित्या झाल्या. कुठे खेकडापालन चालतं, कुठे कालवं, कुठे जिताडा. या सगळ्यासोबत कांदळवन राखायची जबाबदारी येते, आणि जिथे ते उजाड झालंय तिथे पुन्हा उभं करण्याचीही. आमच्याकडे एक जुनी खारबंदिस्ती आहे, म्हणजे खारं पाणी अडवायला बांध घातलेली शेतजमीन. आतली भातशेती कधीच सुटली, बांध दोन ठिकाणी खचला, आणि आता तिथे कडेने खुरटी तिवरं आणि मधोमध उघडा चिखल आहे. उन्हाळ्यात त्यावर मिठाची पांढरी साय धरते. या जागेत लागवडीसाठी आम्हाला कांदळाची, म्हणजे कांदळवनातल्याच दुसऱ्या एका झाडाची, रोपं देऊ केली गेली. रोपं फुकट होती, माणसं तयार होती, पाच जूनचा मुहूर्तही कुणीतरी काढला होता.

समितीच्या बैठकीत मी एवढंच म्हटलं की आधी मोजू. आज तिथे काय आहे ते कागदावर आलं नाही, तर पाच वर्षांनी काय बदललं हे सांगणार कसं? सरकारी भाषेत याला बेसलाइन म्हणतात आणि ती हल्ली प्रत्येक अर्जात मागतात. पण बहुतेक ठिकाणी तिच्या नावाखाली झाडांची मोजदाद आणि चार फोटो जातात. पाणी कुणी मोजत नाही. कांदळवन जगायचं की मरायचं ते तर पाणीच ठरवतं: किती वेळ येतं, किती वेळ थांबतं, किती खारट असतं. यातला तिसरा प्रश्न हा क्षारतामापी सोडवतो, आणि पहिल्या दोन प्रश्नांकडे बोट दाखवतो.

घेताना सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे आतली पट्टी. बाहेरून सगळे क्षारतामापी सारखेच दिसतात, पण आतल्या पट्ट्या वेगवेगळ्या कामांच्या असतात. उसाचा रस किंवा द्राक्षं तपासणाऱ्यांची ब्रिक्सची, म्हणजे साखर मोजणारी, पट्टी आपल्याला निरुपयोगी. लोणच्याच्या आणि मीठ-पाण्याच्या कारखान्यांसाठीची ० ते २८ टक्क्यांची पट्टीही नको, तिच्यावर खाडीचं पाणी सगळं खालच्या कोपऱ्यात गोळा होतं. आपल्याला हवी ती ० ते १०० पीपीटी, म्हणजे हजार भागांत किती भाग क्षार हे सांगणारी, आणि तिच्या शेजारी १.००० ते १.०७० अशी विशिष्ट गुरुत्वाची पट्टी असते. मत्स्यालयवाले आणि कोळंबीवाले हाच वापरतात, म्हणून त्यांच्या दुकानात तो सहज मिळतो.

इथेही एक खाच आहे आणि ती विक्रेता सांगत नाही, कारण बहुधा त्यालाही ठाऊक नसते. काही यंत्रांवर समुद्राच्या पाण्याचं नाव असतं, पण पट्टी आखलेली असते नुसत्या मिठाच्या पाण्यावरून. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं तसं मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियमही असतं, त्यामुळे प्रकाश थोडा वेगळा वळतो. मिठाच्या पट्टीवर ३५ पीपीटीचं खरं समुद्राचं पाणी ३६.५ च्या आसपास दिसतं. शून्यावर मात्र दोन्ही यंत्रं बरोबरच असतात, म्हणून शुद्ध पाण्याने तपासून हा फरक कधीच कळत नाही.

तो कळायची सोपी रीत आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतलं कोरडं सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम घ्यायचं आणि ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचं. हे द्रावण समुद्राच्या योग्य पट्टीवर बरोबर ३५ दाखवतं. ३६ आणि ३७ च्या मध्ये दाखवलं तर पट्टी मिठाची आहे असं समजावं. आमच्या यंत्राने ३५ दाखवलं. याच प्रकारचा शेजारच्या गावाने मागवलेला दुसरा नग, वरून हुबेहूब, साडेछत्तीसला गेला. खारेपणाचे पट्टे ठरवायला दीड अंकाने आभाळ कोसळत नाही, पण दोन गावांचे आकडे एका तक्त्यात मांडायचे असतील तर कुणाचा कुठल्या पट्टीवरचा हे लिहिलेलं हवंच. हे द्रावण बाटलीत घट्ट बुचाने बंद करून ठेवलंय आणि त्यावर तारीख घातलीय. दर मोजणीच्या आधी शून्यही तपासतो आणि पस्तीसही.

शून्य जुळवायला वरच्या बाजूला एक स्क्रू असतो. डिस्टिल्ड वॉटरचे थेंब टाकून निळ्या-पांढऱ्याची सीमा शून्यावर येईपर्यंत तो अलगद फिरवायचा. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते पाणी चालतं. नळाचं किंवा विहिरीचं नको. आमच्याकडच्या कित्येक विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, त्या पाण्यावर शून्य जुळवलं तर पुढचे सगळे आकडे खाली सरकतील.

आता उन्हाचं. पेटीवर ठळक लिहिलेलं असतं की तापमानाची दुरुस्ती आपोआप होते. होते, पण १० ते ३० अंश सेल्सिअसपर्यंतच. कोकणात चैत्र-वैशाखात चिखलात उभं राहून ३० अंश हे सकाळी नवालाच मागे पडतं. उन्हात धरलेली धातूची नळी तर त्याहून तापते, शिवाय लोलकावरचा एवढासा थेंब बघता बघता सुकतो आणि आकडा आपसूक चढतो. एकाच बाटलीतल्या पाण्याचा सकाळचा आणि भर दुपारचा आकडा आमच्याकडे एखाद-दुसऱ्या अंकाने वेगळा येत राहिला. त्यावर उपाय आम्ही बसवला तो असा: यंत्र नेहमी छत्रीच्या सावलीत, थेंब टाकल्यावर झाकण लगेच मिटायचं, अर्धा मिनिट थांबायचं म्हणजे थेंब आणि काच एका तापमानाला येतात, मग बघायचं. भर उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्या घट्ट बुचं लावून घरी आणायच्या आणि संध्याकाळी ओसरीवर बसून मोजायच्या. खारेपणा बंद बाटलीत काही तासांनी बदलत नाही, त्यामुळे यात खोट नाही.

खरी मेहनत पाणी काढण्यात आहे, यंत्रात नाही. खाडीच्या वरच्या पाण्याचा थेंब कुणीही घेईल. पण झाडाची मुळं चिखलाच्या आतलं पाणी पितात आणि ते वरच्या पाण्याहून फार वेगळं असतं. त्यासाठी ताठ प्लास्टिकची नळी घेतली, तिच्या खालच्या टोकाला तापलेल्या सुईने चहूबाजूंनी बारीक भोकं पाडली, त्यावर मलमलचं फडकं दोऱ्याने गुंडाळलं आणि वरच्या टोकाला मोठी सिरिंज बसवली. नळीवर ३० सेंटिमीटरला लाल दोरा बांधलाय. ओहोटीला चिखलात तेवढी खोल दाबायची आणि सिरिंजचा दट्ट्या सावकाश ओढायचा. पहिल्यांदा नुसती हवा येते, मग काळपट गढूळ पाणी, आणि सडक्या अंड्याचा वास. पहिलं पाणी फेकून द्यायचं. दुसरं छोट्या बाटलीत घेऊन गाळ खाली बसू द्यायचा, मग वरचं नितळ पाणी ड्रॉपरने उचलायचं. गढूळ थेंब टाकला तर निळ्या-पांढऱ्याची सीमा धूसर होते आणि दोन माणसं दोन आकडे सांगतात.

दोन माणसं असायलाच हवीत, असा आमचा नियम आहे. पहिल्याने बघायचं, काही न बोलता दुसऱ्याच्या हातात द्यायचं, मग दोघांनी एकदम आकडा सांगायचा. पट्टीवर एकेक अंकाच्या खुणा आहेत, अर्धा अंक नजरेने ठरवावा लागतो. पहिल्याने मोठ्याने ३२ म्हटलं की दुसऱ्यालाही ३२ च दिसतं.

या कामात आमच्यासोबत गावातले एक वयस्कर होडीवाले असतात, आम्ही त्यांना तांडेलकाका म्हणतो. पहिल्या मोजणीला ते म्हणाले, "बाय, आदी जिभेक लाव, मगे यंत्राक." वरचं पाणी ते चाखतात आणि सांगतात की आज गोडं उतरलंय की नाही. आम्ही यंत्रात बघतो, आणि दरवेळी त्यांचं म्हणणं आणि आकडा एकाच दिशेला जातात. पण चिखलातलं पाणी त्यांनी कधी चाखलेलं नव्हतं. कोण चाखेल? उजाड जागेतल्या पाण्याचा आकडा मी त्यांना भिंगातून दाखवला तेव्हा त्यांनी यंत्र खाली ठेवलं, बांधाकडे बघितलं आणि म्हणाले, "हय पाणी येता, पण जाणा नाय."

तो आकडा एप्रिलमधला होता. खाडीच्या काठावर, चांगल्या वाढलेल्या चिप्पीच्या झाडाखाली, चिखलातलं पाणी ३४ होतं. बांधाच्या आत खुरट्या तिवरात ते ४८ ला गेलं. मधल्या उघड्या जागेत ७६. समुद्राच्या दुपटीहून जास्त. तिवर मोठं चिवट झाड आहे, अंगात आलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. उन्हाळ्यात त्याचं पान जिभेला लावलं तर लगेच कळतं. तरी एवढ्या खारेपणात तेही गुडघ्याएवढंच राहतं. कांदळाची पद्धत निराळी, ते मीठ मुळाशीच अडवतं, आणि ७६ मध्ये त्याचं कोवळं रोप टिकायची काही आशा नव्हती. आम्ही ती रोपं घेतली नाहीत. पाच जूनला लागवड झाली नाही म्हणून गावात थोडी नाराजी झाली, ती मी समजू शकते. फोटो निघाला असता, चार मुलं चिखलात उतरली असती, त्यातही चांगलं काही होतंच. पण मरणार हे ठाऊक असलेलं रोप मुलांच्या हातून लावून घ्यायला माझं मन घेईना.

जगभर हेच झालंय. फिलिपिन्समध्ये कित्येक वर्षं मोठमोठ्या लागवडी झाल्या, आणि २००८ मध्ये तिथल्या संशोधकांनी आढावा घेतला तेव्हा दीर्घकाळ टिकलेली रोपं साधारण १० ते २० टक्के निघाली. चुकीच्या जागी चुकीची जात लावली हे त्याचं एक ठळक कारण. फ्लोरिडातले रॉबिन लुईस हे जीवशास्त्रज्ञ आयुष्यभर सांगत राहिले की आधी जागेचं पाणी नीट करा, पाणी नीट झालं तर बिया आपोआप येतात, आणि लागवड हा शेवटचा उपाय ठेवा. आपल्याकडेही आता पैसा येतोय. केंद्राच्या मिष्टी योजनेत ९ राज्यं आणि ४ केंद्रशासित प्रदेश मिळून ५४० चौरस किलोमीटर कांदळवनाचं उद्दिष्ट ठेवलंय. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात अख्ख्या महाराष्ट्राचं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर आहे, त्यावरून हा आकडा केवढा ते लक्षात यावं. एवढ्या कामात प्रत्येक जागी आधी दोन थेंब पाणी बघायला फार खर्च येत नाही.

आमच्या जागेत पाणी अडत होतं ते पायवाटेखालच्या जुन्या सिमेंटच्या नळात. तो गाळाने जवळजवळ बुजला होता. उधाणाला पाणी खचलेल्या बांधावरून आत यायचं, पण परत जायला वाट नाही. मग पुढचं उधाण येईपर्यंत ते उन्हात आटत बसायचं आणि मीठ तिथेच राहायचं. हे आम्ही आकड्यांसकट लिहून परवानगी मागितली. कांदळवनात आपल्या मनाने कुदळ मारता येत नाही आणि मारूही नये. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि भोवतालच्या ५० मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण दिलं, ते बरंच झालं. परवानगी आल्यावर वनरक्षकांच्या देखरेखीखाली गावकऱ्यांनी नळ मोकळा केला. बांध तसाच आहे, झाड एकही तुटलं नाही. यंदा एप्रिलमध्ये त्याच जागी मोजलं तर मध्ये ५७ भरलं. अजून खूप आहे. मधली जागा उघडीच आहे, पण कडेला पावसाळ्यात वाहून आलेल्या तिवराच्या बिया रुजल्यात आणि उन्हाळा काढून बसल्यात. एका वर्षाच्या आकड्यावर मी काहीच ठामपणे म्हणणार नाही, गेल्या पावसाचा आणि यंदाच्या पावसाचा फरकही त्यात असणार.

इथे यंत्राच्या मर्यादा सांगायला हव्यात. हे फक्त त्या क्षणाचा खारेपणा सांगतं. आमच्याकडे आषाढ-श्रावणात खाडीचं पाणी ३-४ पर्यंत उतरतं, आणि तेही वरवरचं. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं, खाली खारं असतंच. त्यामुळे वरच्या पाण्याचा एकच आकडा घेऊन खाडीचा खारेपणा अमुक असं लिहिणं चुकीचं. बाटलीला दगड बांधून, बुचाला वेगळी दोरी लावून खालचं पाणी काढता येतं. शिवाय भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या, दिवसांत उंचावरच्या जागेपर्यंत पाणी पोचतच नाही, तेव्हा चिखलातला आकडा चढतो. उधाणानंतर उतरतो. एकाने भांगाला मोजलं आणि दुसऱ्याने उधाणाला, तर दोघांचेही आकडे खरे असून तुलना मात्र खोटी होते.

म्हणून आमच्या वहीत तारखेच्या शेजारी तिथीचा रकाना आहे. हे तांडेलकाकांकडून आलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्या जुन्या लोकांना तोंडपाठ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. अमावस्या-पौर्णिमेच्या जवळ उधाण, अष्टमीच्या जवळ भांग. एका तिथीत एवढं सगळं मावतं, आणि उद्या वही उघडणाऱ्या कुणालाही पंचांग बघून ते पडताळता येतं. बाकी रकाने असे: जागेचा क्रमांक, वेळ, भरती की ओहोटी, वरचं पाणी की चिखलातलं, खोली, पाण्याचं तापमान, दोघांचे दोन आकडे, शून्य आणि पस्तीस तपासल्याची खूण, मोजणाऱ्यांची नावं. आकड्याहून हे रकाने जास्त जपावेत असं माझं मत आहे. नुसतं "खारेपणा ४८" असं लिहिलेलं पान पाच वर्षांनी कुणाच्याच उपयोगाचं नाही.

जागेचा क्रमांकही सांगायला सोपा, ठेवायला कठीण. मोबाइलचा जीपीएस दाट झाडीत काही मीटर इकडेतिकडे जातो, आणि खाजणात काही मीटरमध्ये चिप्पी संपून तिवर सुरू होतं. चिखलात रोवलेल्या काठ्या जळणाला जातात. आम्ही बांधाच्या जांभ्या चिऱ्यांवर ऑइलपेंटने क्रमांक घातले आणि तिथून टेपने अंतर, होकायंत्राने दिशा लिहून ठेवली. पुढच्या वर्षी वेगळ्याच दोन माणसांनी वही वाचून त्या जागा शोधल्या आणि त्यांना सापडल्या.

इलेक्ट्रॉनिक मीटर घ्यावा का, असं दोघातिघांनी विचारलं. प्रयोगशाळेच्या दर्जाचा चांगला मीटर दशांशापर्यंत सांगतो, पण तो महाग, त्याची द्रावणं वेगळी घ्यावी लागतात आणि खाऱ्या चिखलात त्याचा जीव फार नाही. आणि कृपा करून आरओ बसवणाऱ्यांकडची टीडीएसची पेनं खाडीत नेऊ नका. त्यातली बरीचशी दहा हजार पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग) आतच संपतात, आणि समुद्राचं पाणी आहे पस्तीस हजारांचं. आमच्या कामाला एक अंकाची अचूकता पुरते. ३४, ४८ आणि ७६ मधला फरक कळायला दशांश लागत नाही. कुठे आकडा १०० च्या वर गेला, मिठागराजवळ जातो, तर तेवढ्याच वजनाचं डिस्टिल्ड वॉटर मिसळून मोजायचं आणि आलेला आकडा दुप्पट करायचा.

नगाच्या तक्रारी सांगते. झाकणाची बिजागरी धातूच्या बारीक काडीवर आहे आणि ती काडी पहिल्याच पावसाळ्यात गंजली. आता झाकण उघडताना करकरतं. भिंगाभोवतीचं रबर उन्हाने सैल झालंय. सगळ्यात वाईट ती पेटी. आतला फोम ओलावा धरून ठेवतो, आणि श्रावणात आठवडाभर बंद ठेवली तर भिंगाच्या आत धुकं धरतं. आमच्या यंत्रात बुरशीचा एक बारीक ठिपका आलाच, सुदैवाने पट्टीच्या बाहेर. फोम काढून टाकला आणि यंत्र आता सुती फडक्यात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, घट्ट झाकणाच्या डब्यात असतं. विक्रेत्याला फोन केला तर दुरुस्ती होत नाही, नवा घ्या, असं उत्तर मिळालं. मापनाबद्दल मात्र तक्रार नाही. वर्षभरात शून्य फार सरकला नाही आणि पस्तीस पस्तीसवरच आहे.

काम झालं की लोलक गोड्या पाण्याने धुवा. यंत्र बुडवू नका, पाणी आत शिरलं की संपलं. खाऱ्या पाण्याचा थेंब काचेवर सुकू दिला तर मिठाचे कण राहतात, आणि ते फडक्याने घासले की काचेवर ओरखडे पडतात. मुलांना नेणार असाल तर बांधावरून मोजू द्या, चिखलात उतरवू नका, आणि गेव्याच्या झाडाची फांदी मोडू नका असं आधी बजावा. त्याचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते. माझ्या नववीच्या मुलांना लोलकातून ती निळी-पांढरी सीमा दिसली तेव्हा प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा मला पुन्हा शिकवावा लागला नाही.

कुणी घ्यावा? ज्या समितीला, शाळेला, महिला बचत गटाला किंवा खेकडापालन करणाऱ्याला वर्षाकाठी काही ठरलेल्या वेळी तेच तेच ठिकाण मोजायचं आहे, त्यांनी जरूर घ्यावा. एकदाच अहवालासाठी आकडा हवा असेल तर कुणाचा तरी मागून आणा. दोन गावांत मिळून एक घेण्यापेक्षा प्रत्येकाने आपला घ्यावा, कारण मोजायची ओहोटी दोघांना एकाच वेळी येते.

दुसरा घ्यायची वेळ आली तर मी हाच प्रकार घेईन, फक्त दुकानात उभी राहून माझ्या बाटलीतलं पस्तीसचं द्रावण आधी टाकून बघेन. आणि यंत्रासोबत सिरिंज दोन-तीन जास्तीच्या घ्या. रबराचा दट्ट्या चिखलाने फार लवकर झिजतो, आणि ओहोटीच्या ऐन वेळी खाजणात दुसरी मिळत नाही.